टाचणाबाहेरची वही

जानेवारी उजाडला की आमच्या घरात डायऱ्यांचं पीक येतं. पतसंस्थेची एक, साखर कारखान्याची एक, खतं-औषधं घेतो त्या कृषी सेवा केंद्राची एक, आणि मेहुण्याला कुठून तरी मिळालेली पण त्याला नको असलेली एक. पतसंस्थेच्या डायरीत भिशीचा हिशेब जातो. कारखान्याच्या डायरीत दुधाचा: सकाळ चार लिटर, संध्याकाळ साडेतीन, फॅट अमुक. औषधवाल्याच्या डायरीत दर पानाच्या तळाशी एकेका कीडनाशकाची जाहिरात असते, त्यामुळे तिच्यात मन मोकळं करणं जरा जड जातं. वर आपण 'आज मन उदास आहे' असं लिहावं आणि खाली 'फुलकिडे व तुडतुडे यांवर खात्रीशीर' असं छापलेलं असावं, हे बरं दिसत नाही. ती नातवाकडे जाते. तो तिच्यात ट्रॅक्टर काढतो.

राहिली मेहुण्याची. ती दरवर्षी माझी. पहिलं पान मी फार मनापासून भरतो. नाव, पत्ता, रक्तगट, वाहन परवाना, विमा पॉलिसी. 'अपघात झाल्यास कोणास कळवावे' ही ओळ मात्र मी कोरी सोडतो. आमच्या गावात कळवावं लागत नाही. मोटारसायकल घसरून माणूस अजून जमिनीला टेकलेला नसतो तोवर त्याच्या बायकोला तीन फोन येऊन गेलेले असतात. मग १ जानेवारीला एक पान, २ ला अर्धं, ३ ला चार ओळी आणि ५ ला फक्त 'थंडी'. माझ्या कपाटात अशा आठ डायऱ्या आहेत, ज्यांच्यात जग ६ जानेवारीला संपतं.

खरं तर लिहायचा मला कंटाळा नाही. मी प्राथमिक शिक्षक होतो. ३३ वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, डिंभे धरणाच्या पलीकडे आहुपे खोऱ्यात, आणि उरलेली आमच्या जुन्नर तालुक्यात. एवढ्या काळात मी रोज लिहिलं. त्या लिखाणाला टाचण म्हणतात. ज्यांना टाचण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: उद्या वर्गात काय शिकवणार याची आज केलेली नोंद म्हणजे टाचण. तारीख, इयत्ता, विषय, घटक, उपघटक, उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य, अध्ययन अनुभव, असे रकाने. ही झाली व्याख्या. प्रत्यक्षात महिनाभरापूर्वी आपण काय शिकवलं असावं याची आज रात्री केलेली कल्पना म्हणजे टाचण.

केंद्रप्रमुख येणार ही बातमी आदल्या संध्याकाळच्या एसटीने यायची. मग कंदील पुसायचा, चहा ठेवायचा आणि महिना लिहून काढायचा. एकाच शाईने लिहिलं तर लबाडी दिसते, म्हणून तीन पेनं. आठवडाभर निळं, मग जरा फिकट निळं, मग अक्षर बदलावं म्हणून तिसरं पेन आमच्या हिच्या हातात. हिचं शिक्षण दहावीपर्यंत, पण अक्षर माझ्याहून वळणदार, आणि उद्दिष्टं तर ही माझ्याहून पटकन लिहायची. हिरड्याच्या दिवसांत अख्खं गाव रानात असायचं, पोरंही आईबापांबरोबर हिरडा गोळा करायला. वर्गात चार भिंती आणि मी. टाचणात मात्र त्या दिवशीही ३१ मुलांनी मराठी वाचनाचा आनंद घेतलेला असे.

सकाळी साहेब येत, भरभर पानं उलटत आणि शेवटच्या पानाखाली लिहीत: 'पाहिले'. खाली सही, तारीख. हा शब्द फार नेमका आहे. 'वाचले' असं ते कधीच लिहीत नसत. एकदा खात्री करावी म्हणून मी मधल्या एका पानावर लिहिलं: 'घटक: अपूर्णांक. साहित्य: चार भाकरी. कृती: खाल्ल्या.' त्याच्याही पुढे तीन पानांवर 'पाहिले' आलं.

३१ मे २०२२ ला मी निवृत्त झालो. नारळ, शाल, फेटा, भाषणं. एका वक्त्याने मला दीपस्तंभ म्हटलं. त्यावेळी गावात लाईट नव्हती. घरी आलो आणि लक्षात आलं की जन्मभर आपण जे लिहिलं ते कुणीतरी सही करावी म्हणून. स्वतःसाठी एक ओळ नाही.

पण वही सुरू केली ती या उच्च विचाराने नव्हे. वही सुरू केली बोअरमुळे.

आमच्या शेतातली बोअर २०१२ साली घेतली. ही म्हणते २०११. आता हा काही नवराबायकोने भांडावं असा विषय नाही, म्हणूनच आम्ही तो दहा वर्षं पुरवून वापरला. माझी बाजू तर्काची: २०१२ ला दुष्काळ पडला, दुष्काळात माणूस बोअर घेतो, म्हणून २०१२. हिची बाजू साक्षीपुराव्याची: "अहो, तुमच्या मावसभावाच्या लग्नावरून आपण आलो, दारात मशीन उभं होतं, तुमच्या अंगात तो बदामी सफारी होता आणि मशीनवाल्याला चहा द्यायला मी नवी कोरी साडी नेसून चुलीपुढं बसले." अशा साक्षीपुढे तर्काचं काय चालतं? हिच्या डोक्यात सालं नसतातच. लग्नं, बाळंतपणं, साड्या आणि कोण जेवायला बसलं असताना कोणाचा फोन आला, असा तो सगळा दफ्तरखाना आहे. म्हटलं, आपल्याकडेही कागद पाहिजे. झालेल्या गोष्टींचं जाऊ दे, निदान इथून पुढच्या भांडणांना तरी पुरावा हवा.

म्हणून १ जून २०२२ ला, शाळेच्याच सवयीने, दोनशे पानी लाँगबुक घेतलं आणि पहिल्या पानावर ठळक लिहिलं: 'बोअर २०१२ साली घेतली.' खाली रेघ मारली. मग लिहिलं: 'आज विशेष काही नाही.' दुसऱ्या दिवशी लिहिलं: 'आजही नाही.' तिसऱ्या दिवशी चुलतभावाने नांगरताना आमचा बांध कोरला, म्हणजे विशेष झालं, पण लिहायचं कसं ते येईना. ३३ वर्षांची सवय. हाताने आपोआप लिहिलं: 'घटक: राग. उद्दिष्ट: चुलतभावास अद्दल घडवणे. साहित्य: मोजणीचा नकाशा, लागल्यास खोरे.' एवढं लिहून बघत बसलो. अध्ययन अनुभवाचा रकाना रिकामाच राहिला.

आमच्या भागात लिहून ठेवायची हौस नवी नाही. नाणेघाटात चढून जा. बावीसशे म्हणा, दोन हजार म्हणा, एवढ्या वर्षांपूर्वी तिथल्या गुहेच्या भिंतींवर सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख कोरला गेला, ब्राह्मी लिपीत. कोणते यज्ञ केले, दक्षिणेत किती गाई दिल्या, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापणं, आकड्यांसकट. अंकांच्या इतिहासात त्या आकड्यांना मोठं मोल आहे असं जाणकार सांगतात. पण जागा बघा निवडलेली! कोकणातून घाटावर येणारा प्रत्येक व्यापारी दमून जिथे टेकणार, जकात भरणार, नेमकी तिथे. बाहेर दगडी रांजण, आत दानधर्माची यादी. याला रोजनिशी म्हणत नाहीत. याला आमची सून स्टेटस म्हणते. कोणी कोणी पाहिलं हे तेवढं त्या काळी कळत नसणार.

माझ्या कामाचा माणूस दुसराच निघाला. अफानासी निकितीन. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. १४७० च्या आसपास चौलला उतरला, पालीवरून घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळ्यात अडकला. दोन महिने तो इथे होता. त्याच्या टिपणांत आपलं जुन्नर 'चुनेर' म्हणून येतं. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं तो लिहितो. पाचशे वर्षांपूर्वीच्या या नोंदीत आमच्या रस्त्यांपुरती आजही दुरुस्ती करावी लागत नाही. गाव खडकाच्या बेटावर आहे, ते कोणी बांधलेलं नाही, देवानेच घडवलंय, वर जायला दिवस जातो आणि वाटेने एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो, असंही तो सांगतो. शिवनेरीकडे बघत बसून लिहिलं असणार.

पण मला भावला तो त्याच्या घोड्यामुळे. शंभर रूबल खर्चून त्याने एक घोडा इथवर आणला होता, विकून चार पैसे मिळतील म्हणून. इथे आल्यावर तो घोडा जुन्नरच्या खानाने ताब्यात घेतला. आजच्या भाषेत, कोंडवाड्यात घातला. अट अशी की आमच्या धर्मात ये, घोडाही घे आणि वर हजार मोहरा घे. नाहीतर घोडा गेलाच, शिवाय दंड हजार मोहरा. मुदत चार दिवस. परक्या मुलखात, धो धो पावसात, भाषा धड येत नाही, जवळचा एकुलता एक घोडा गेलेला, अशा माणसाने ते चार दिवस कसे काढले असतील? शेवटच्या दिवशी खोजा महंमद नावाचा एक खुरासानी गृहस्थ भेटला. निकितीनने हातापाया पडून गाऱ्हाणं घातलं. तो खानाकडे गेला, बोलला आणि घोडा सोडवून घेऊन आला. जुन्नरात ओळखीच्या माणसाला बरोबर घेतल्याशिवाय काम होत नाही, याची ही माझ्या माहितीतली सर्वांत जुनी लेखी नोंद.

आणखी एक. इथले लोक घोड्याला हरभरा घालतात आणि खिचडी शिजवून, साखर आणि तूप घालून खाऊ घालतात, असं त्याने लिहिलंय. हे वाक्य मी आमच्या हिला मुद्दाम वाचून दाखवलं. "बघ, १४७० साली जुन्नरात घोड्यालासुद्धा खिचडीवर तूप मिळत होतं." ही म्हणाली, "घोडा कामाला जात होता."

पुढे त्याने तो घोडा बिदरला नेऊन विकला. नोंद काय? वर्षभर पोसला, ६८ नाणी त्याच्यावर खर्च झाली. आणि आधी हेही लिहून ठेवलेलं की बरोबरच्या व्यापाऱ्यांनी मला फसवलं, म्हणाले होते तिकडे माल भरपूर, पण आपल्या देशात खपेल असं इथे काहीच नाही. हे वाचताना मला तो त्वेरचा वाटेना. नारायणगावच्या टोमॅटो मार्केटमधून रिकामी पिकअप घेऊन परतणारा माझा शेजारीच वाटला.

या माणसाने वहीसाठी केलेली युक्ती तर अफलातून. मनातलं अगदी आतलं लिहायची वेळ आली की तो रशियन सोडून तुर्की-फारसीची मिसळ असलेल्या बाजारी भाषेत शिरायचा. आपल्या देशासारखा देश नाही, देव त्याला सांभाळो, पण तिथले सरदार न्यायाने वागत नाहीत, हे त्याने याच मिसळीत लिहिलं. म्हणजे गावी परतल्यावर वही कोणाच्या हाती लागली तरी सरदाराला कळू नये. बिचाऱ्याची धार्मिक पुस्तकं वाटेत लुटली गेली होती, त्यामुळे सण कधी, उपास कधी, काही पत्ता लागेना. अंदाजाने सण पाळत होता. निवृत्त माणसाला हे दुःख समजतं. रोजच रविवार असला की वार हरवतो. मला तर वही लिहायला लागल्यावर कळलं की मी दोन आठवडे संकष्टीचा उपास शोधत होतो. निकितीन घरी पोचलाच नाही. स्मोलेन्स्क गाठण्याआधी वाटेत वारला. वह्या मात्र मॉस्कोला पोचल्या, १४७५ साली, आणि कुठे, तर थेट तिथल्या महाराजांच्या कारकुनाच्या हातात! सरदारांपासून लपवलेलं लिखाण सरकारी दफ्तरात जमा झालं.

तेव्हा लपवणं हा वहीचा खरा प्रश्न आहे. इंग्लंडात सॅम्युअल पीप्स नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने १६६० ते १६६९ लघुलिपीत रोजनिशी लिहिली आणि ती लघुलिपी शिकवणारं पुस्तक आपल्याच ग्रंथसंग्रहात ठेवलं. कुलूप भक्कम, किल्ली त्यालाच लावलेली. त्याला निदान लंडन होतं. आमच्याकडे ऐकण्याची व्यवस्था जबरदस्त आहे. खोडदला आणि आसपास रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, एकेक ४५ मीटर व्यासाची. त्या आकाशातलं फार फार जुनं ऐकतात. गावातलं ऐकायला त्या लागत नाहीत. पारावर चार माणसं पुरतात.

माझ्या वहीने बऱ्याच जागा बदलल्या. आधी गादीखाली. गादी उन्हात घालायचा दिवस कोणी मला सांगितला नव्हता. मग धान्याच्या कणगीमागे, तिथे उंदरांनी जुलैचा पहिला आठवडा खाल्ला. मग कांद्याच्या बराखीत. तिथे सुरक्षित राहिली, पण तेव्हापासून वही उघडली की डोळ्यांत पाणी येतं आणि बघणाऱ्याला वाटतं, मास्तर काय मनापासून लिहितात!

लपवायचा उत्तम मार्ग आमच्या आजोबांना सापडला होता. त्यांची वही मोडीत आहे. जाड, पिवळट हातकागद. आमचं जुन्नर एकेकाळी कागदाचं गाव होतं. इथले कागदी हाताने कागद करायचे आणि जुन्नरी कागद पेशव्यांच्या दफ्तरातही जायचा. आजोबांचा कागद जुन्नरीच असावा अशी आमची आपली समजूत. घरात मोडी वाचणारं कोणी उरलं नाही, त्यामुळे त्या वहीचा मान वर्षागणिक वाढत गेला. थोरल्या चुलत्यांना वाटे तिच्यात हंड्याची जागा आहे. आत्याला वाटे आणखी एक जमीन आहे जी भावांनी दडवलीय. निवृत्तीनंतर मी पुण्याहून एक मोडी जाणणारे गृहस्थ आणले. मासवडीचं जेवण घातलं. ओसरीवर सगळी भाऊबंदकी जमली, ज्यांच्याशी बोलणं नाही तेसुद्धा, कारण हंडा निघाला तर हजर असावं. गृहस्थांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

'पाऊस. भातलावणी.' पुढे? 'पाऊस. बैल लंगडतो.' पुढे? 'पाऊस.' तासभर पाऊसच. आत्या दोनदा पेंगली. मग एका पानावर: 'धाकट्याने बांध कोरला. बोलणे बंद.' सगळे सावरून बसले. माझा चुलतभाऊ, त्याच धाकट्याचा नातू, समोरच्या खांबाला टेकून बसला होता. तो छताकडे बघायला लागला. गृहस्थांनी पान उलटलं. 'पाऊस. उघडीप. बी पेरले.' आणि आठ दिवसांनी: 'धाकटा जेवून गेला.' बस. भांडण कसं मिटलं, कोण आधी बोललं, बांधाचं काय झालं, काही नाही. बांधाचं काय झालं ते मात्र आम्हाला माहीत होतं. त्याचं कोरणं अजून चालू आहे.

त्या रात्री मी माझ्या वहीत शिव्या लिहायला घेतल्या. साध्या नव्हेत. जन्मभर चौथीच्या वर्गासमोर उभं राहिल्यामुळे ज्या आतच राहिल्या होत्या त्या. चार रात्री लिहिल्या, पाव पाव तास. पुतणी पुण्यात मानसशास्त्र शिकते. तिला मी सहज (कोणी केलं हे न सांगता) विचारलं, तर म्हणाली, काका, यावर प्रयोग झालेत. अमेरिकेत १९८६ साली पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकारी बाईंबरोबर कॉलेजच्या मुलांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपलं सगळ्यात मोठं दुःख लिहायला लावलं. लिहून झाल्या झाल्या मुलांना आणखी वाईट वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या कॉलेजच्या दवाखान्यातल्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. मला अभिमान वाटला. मी चार दिवस, पंधरा मिनिटं, कोणाच्या मदतीशिवाय शोधून काढली होती. नुसतं ओकून फायदा नसतो, असंही ती म्हणाली, लिहिता लिहिता गोष्टीचा अर्थ लागायला लागला तर फरक पडतो.

अर्थ लागण्याचं मला माहीत नाही. पाचव्या रात्री माझ्या शिव्या संपल्या. खरंच संपल्या. माणसाला वाटतं आपल्याकडे साठा मोठा आहे, पण लिहायला बसलं की तीन-साडेतीन पानांत आटपतो. मग पंधरा मिनिटं भरायची म्हणून बांधाची हकीकत लिहायला लागलो, आणि हकीकत लिहायला लागलं की टाचणासारखी लबाडी चालत नाही, कारण सही करणारा कोणी नसतो. लिहिलं की चुलतभाऊ वर्षाला एक तास जमीन खातो. मग लिहिलं की २०१८ ला रात्री दोन वाजता माझ्या पोटात कळ आली तेव्हा जीप त्याची होती, दवाखान्याबाहेर सकाळपर्यंत तोच बसला होता आणि डिझेलचे पैसे मी अजून दिलेले नाहीत. हे लिहून मी बराच वेळ पेन चावत बसलो. नांगराचं एक तास आणि रात्री दोनची जीप यांचा भागाकार मला अजून जमलेला नाही, आणि अपूर्णांक तर मी ३३ वर्षं शिकवले.

दुसऱ्या दिवशी डिझेलचे पैसे द्यायला गेलो. तो म्हणाला, "मास्तर, राहू द्या." मी म्हणालो, "घे रे." त्याने घेतले. पुढच्या पेरणीला बांध पुन्हा कोरला, पण माझ्या मते जरा कमी.

वहीचा दुसरा उपयोग टोमॅटोने शिकवला. २०२३ च्या जुलैत नारायणगावला वीस किलोचा एक कॅरेट दोन हजारांच्या वर गेला होता. आता पारावर बसा. त्या जुलैत टोमॅटो विकला नाही असा माणूस तुम्हाला सापडणार नाही. मीसुद्धा विकला होता, दोन वर्षं तरी मी तसं सांगत होतो, आणि सांगता सांगता मला ते कॅरेट डोळ्यांपुढे दिसायला लागले होते. मग एकदा वही चाळली. मे २०२३: 'भाव नाही. तोडणीची मजुरी सुटत नाही. आज टोमॅटो उपटून बांधावर टाकले. शेळ्या सुखी.' शेळ्या सुखी हे माझंच अक्षर. त्याच्याआधी फेब्रुवारीत: 'टोमॅटो लावावा. यंदा शंभर टक्के.' आणि जूनच्या सुरुवातीला: 'टोमॅटो नको. पुन्हा नाव काढणार नाही.' अशा चार वर्षांच्या नोंदी समोर ठेवल्यावर मला माझ्या बुद्धीचा एक पक्का नियम सापडला: वहीत 'शंभर टक्के' असं आलं की उलट करायचं. गेल्या वर्षी कांद्याबाबत हा नियम पाळला आणि भागलं. कृषी खात्याचा कोणताही सल्ला मला इतका उपयोगी पडलेला नाही.

बिबट्याचंही तसंच. आमच्या तालुक्यात बिबट्या ही चेष्टा नाही. उसात त्याचे संसार आहेत, माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, आणि थ्री फेज रात्री आली की पाणी द्यायला जाणाऱ्याच्या पोटात काय होतं ते जाणाऱ्यालाच ठाऊक. मी पारावर आजवर सात बिबटे पाहिलेत. वहीत दोन. उरलेल्या पाचांपुढे लिहिलंय: 'कुत्रं', 'कुत्रं', 'वासरू', 'अंधार', आणि एका ठिकाणी 'मीच. बॅटरीचा उजेड विहिरीच्या पाण्यात पडला.' त्या रात्री मी घरापर्यंत पळालो होतो आणि चप्पल उसात राहिली होती. पारावर हे सांगण्याची गरज नाही. पण कुठेतरी एका जागी खरं असलेलं बरं असतं, म्हणजे बाकीच्या ठिकाणी मोकळेपणाने बोलता येतं.

अशी आता चौथी वही चालू आहे. अजूनही बहुतेक पानांवर 'आज विशेष काही नाही' असंच असतं, पण आताशा तेही लिहायला बरं वाटतं. आजोबांच्या 'पाऊस'सारखं.

परवा दिवाळीची साफसफाई निघाली. बराख रिकामी करायची म्हणून चारही वह्या बाहेर काढल्या आणि ओसरीवर बसून पहिल्यापासून उलटायला लागलो. जून २०२२ च्या शेवटच्या पानाखाली, कोपऱ्यात, पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी होतं. चष्मा लावला. 'पाहिले.' खाली तारीख. जुलैच्या शेवटीही 'पाहिले.' ऑगस्ट, सप्टेंबर, दर महिन्याच्या अखेरीला, एकही महिना न चुकवता. इतके नियमित केंद्रप्रमुख मला सबंध नोकरीत लाभले नव्हते. अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. तिसऱ्या पेनाचंच.

घाईघाईने शिव्यांची पानं काढली. तिथे शेरा काही नव्हता. एका शिवीतला ऱ्हस्व उकार तेवढा दीर्घ केलेला होता.

मग पहिलं पान उघडलं. 'बोअर २०१२ साली घेतली' या वाक्यातल्या शेवटच्या २ वर रेघ मारून शेजारी १ केला होता.